‘सून’, ‘प्रेझेंटली’, ‘इमिजिएटली’: इंग्रजी ‘लगेच’ची झीज

बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, एक अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे. हेरोदियाच्या मुलीच्या नृत्यावर खूश होऊन हेरोद राजा तिला ‘मागशील ते देतो’ असे वचन देतो आणि ती आईला विचारून येते व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून मागते. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स भाषांतरात ती हे शिर ‘बाय अँड बाय’ मागते. आजच्या इंग्रजीत ‘बाय अँड बाय’ म्हणजे ‘पुढेमागे, यथावकाश’, त्यामुळे आजच्या वाचकाला ती मुलगी ‘घाई नाही, सवडीने द्या’ असे म्हणत असल्याचा भास होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘याच घटकेला’ असा आहे. भाषांतरकारांची यात काहीही चूक नव्हती, कारण त्या काळी ‘बाय अँड बाय’ ‘लगेच’ याही अर्थाने वापरत असत. १८८१ च्या सुधारित भाषांतरात त्या जागी ‘फोर्थविथ’ आले आणि विसाव्या शतकातील न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये ‘राइट नाऊ’. मागणी तीच होती आणि घाईही तीच होती, पण ती घाई वाचकापर्यंत पोहोचवण्यासाठी शब्द मात्र दोनदा बदलावा लागला.

इंग्रजी शिकणाऱ्याला ‘लगेच’ या अर्थाचे डझनभर शब्द एकाच रांगेत समानार्थी म्हणून दिले जातात आणि तो त्यांतला कोणताही उचलून वापरतो. परंतु हे शब्द वेगवेगळ्या वयांचे आहेत, वेगवेगळ्या चित्रांतून जन्मलेले आहेत आणि त्यांतील कित्येक वापराने झिजलेले आहेत. त्यांच्यातील फरक पाठ करण्यापेक्षा ही झीज कशी होते हे एकदा पाहिले, तर फरक आपोआप लक्षात राहतात.

सर्वांत जास्त झिजलेला शब्द म्हणजे ‘सून’. (मराठी वाचकाने येथे नातेसंबंध क्षणभर बाजूला ठेवावेत.) हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘सोना’ असे त्याचे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘ताबडतोब’ असाच होता. आज ‘आय विल कॉल यू सून’ या वाक्यात दोन तासही मावतात आणि दोन आठवडेही. ‘अनॉन’ हा आता जवळपास बाद झालेला शब्द जुन्या इंग्रजीतील ‘ऑन आन’, म्हणजे ‘एका ठिकाणी, एकातच’, यावरून आला. त्याचाही आरंभीचा अर्थ ‘तत्क्षणी’ असा होता आणि नंतर तो ‘थोड्या वेळाने’ असा झाला. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा, भाग पहिला’ या नाटकात फ्रान्सिस नावाचा मद्यालयातील पोऱ्या आहे. राजपुत्र आणि त्याचा साथीदार दोन बाजूंनी त्याला एकसारख्या हाका मारतात आणि तो प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन, सर’ असे उत्तर देत जागच्या जागी अडकून राहतो. मराठीत तो ‘आलो, आलो साहेब’ म्हणाला असता. शब्द कसा झिजतो याचा इतका नेमका देखावा शब्दकोशातही सापडणार नाही.

मराठीतील ‘आलोच’ या रूपाकडे या दृष्टीने पाहावे. ‘आलो’ हा भूतकाळ आहे, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्याची ग्वाही आहे. ती क्रिया सुरूही झालेली नसताना आपण भूतकाळ वापरतो, त्यावर ‘च’चा शिक्का मारतो आणि मग निवांत चप्पल शोधायला लागतो. ऐकणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो ‘आलोच’चा अर्थ ‘पाच-दहा मिनिटे’ असा लावतो. इंग्रजीतील ‘प्रेझेंटली’चे नेमके हेच झाले. ‘प्रेझेंट’ म्हणजे समोर हजर असलेला काळ, म्हणून ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘या घटकेला’. पंधराव्या-सोळाव्या शतकात तो याच कडक अर्थाने वापरला जाई. लोक ‘प्रेझेंटली करतो’ म्हणत राहिले, करायला उशीर लावत राहिले आणि अर्थ ‘थोड्या वेळाने’ येथे येऊन थांबला. ‘डायरेक्टली’ने तोच उतार धरला, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलीत तर ‘डायरेक्टली’ म्हणजे ‘जमेल तेव्हा, जरा वेळाने’ इतका तो घसरला आहे. दिरंगाई माणसे करतात आणि तिची किंमत शब्द मोजतात. जुना शब्द पुरेसा तिखट राहिला नाही की भाषेला नवा शब्द घडवावा लागतो, आणि तो घडवताना ती बहुधा कुठल्या तरी दिसणाऱ्या, हाताने चाचपता येणाऱ्या गोष्टीचा आधार घेते.

‘इमिजिएट’ हा शब्द घ्यावा. लॅटिनमध्ये ‘मेडियस’ म्हणजे मधला. त्याचे आणि संस्कृत ‘मध्य’ याचे मूळ एकच आहे. ‘मीडियम’, ‘मीडिया’, ‘मीडिएटर’ हे सगळे मधले, मध्यस्थ. त्याला नकारार्थी उपसर्ग लागून ‘इमिजिएट’ झाला, म्हणजे ‘ज्याच्या आणि आपल्या मध्ये काहीच नाही असा’. याचा अर्थ मुळात हा शब्द वेळेचा नाहीच, तो लगटून असण्याचा आहे. ‘इमिजिएट फॅमिली’ म्हणजे तातडीचे कुटुंब नव्हे, तर ज्यांच्या आणि आपल्या नात्यात मधला दुवा नाही अशी माणसे. ‘इमिजिएट बॉस’ म्हणजे थेट वरचा अधिकारी. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला ‘तात्कालिक कारण’ म्हणतात ते ‘इमिजिएट कॉज’. पहिल्या महायुद्धाचे असे कारण म्हणून साराएव्हो येथील २८ जून १९१४ च्या हत्येकडे बोट दाखवले जाते, परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले ते २८ जुलैला, म्हणजे बरोबर एका महिन्याने. मध्ये महिना गेला तरी ते कारण ‘इमिजिएट’च ठरते, कारण कारणांच्या साखळीत ते युद्धाला चिकटून आहे. मराठीतील ‘लगेच’ आणि ‘लागलीच’ यांतही हेच चित्र आहे. ‘लागणे’ आणि ‘लगत’ यांच्याच कुळातले हे शब्द आहेत: एक क्रिया संपते तिथे दुसरी लागून सुरू होते, मध्ये फट नाही. म्हणून ‘इमिजिएटली’ला ‘लगेच’ हा प्रतिशब्द नुसता अर्थाने नव्हे, तर चित्रानेही जुळतो. ‘इमिजिएटली’ इतरांच्या मानाने कमी झिजला, यामागे हे चित्र अजून शाबूत असणे हेही एक कारण असावे असे मला वाटते. ‘इमिजिएटली बिहाइंड द हाउस’ म्हणजे घराच्या अगदी मागे लागून, हा जागेचा अर्थ रोज वापरात असल्यामुळे काळाच्या अर्थालाही ढिले पडता येत नाही.

‘इन्स्टंट’चे चित्र निराळे आहे. लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे, संस्कृत ‘स्था’चे भावंड. ‘इन्स्तारे’ म्हणजे येऊन उभे ठाकणे, वर चढून बसणे, तगादा लावणे. जो क्षण आपल्यासमोर उभा ठाकला आहे तो ‘इन्स्टंट’. जुन्या इंग्रजी व्यापारी पत्रांत ‘युअर लेटर ऑफ द फिफ्थ इन्स्ट.’ असे लिहीत, त्यातील ‘इन्स्ट.’ हा याच शब्दाचा संक्षेप होता आणि त्याचा अर्थ ‘चालू महिन्याच्या पाच तारखेचे’ असा होता. गेल्या महिन्यासाठी ‘अल्टिमो’ आणि येत्या महिन्यासाठी ‘प्रॉक्सिमो’ लिहिले जाई. पुढे ‘इन्स्टंट’मध्ये कालावधीच नाही, तो काळाचा बिंदू आहे, असा अर्थ पक्का झाला. भौतिकशास्त्रातील ‘इन्स्टंटेनियस व्हेलॉसिटी’ हा तात्क्षणिक वेग असतो, म्हणजे काळाचे अंतर शून्याकडे नेत नेत मिळवलेला वेग. ‘इमिजिएटली’ आणि ‘इन्स्टंटली’ यांतील फरक येथेच आहे. पत्र मिळताच तुम्ही उत्तर लिहायला बसलात तर ते ‘इमिजिएटली’ झाले, मग लिहायला तासभर लागला तरी हरकत नाही, कारण ‘इमिजिएटली’ सुरुवातीबद्दल बोलतो. ‘इन्स्टंटली’ म्हणायचे तर ती क्रिया सुरू होता होताच पूर्ण झाली पाहिजे. म्हणून दिवा ‘इन्स्टंटली’ लागतो आणि दुरुस्तीचे काम ‘इमिजिएटली’ सुरू होते. अर्थात माणसाचा बिंदूही गणितातल्याइतका बारीक नसतो: संगणकाची कळ दाबल्यापासून साधारण ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर वापरणाऱ्याला तो तत्क्षणी आल्यासारखा वाटतो, हा संगणकाचे पडदे आखणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे.

उभे राहण्याच्या त्याच धातूपासून लॅटिनमध्ये ‘स्टॅटिम’ म्हणजे ‘तत्काळ’ असे क्रियाविशेषण झाले, आणि त्याचाच तुकडा ‘स्टॅट’ म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी व औषधाच्या चिठ्ठीवर आजही असतो. ‘प्रॉम्प्ट’ आला आहे तो ‘बाहेर काढून ठेवलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. हत्यार म्यानात नाही, हातात तयार आहे, असे ते चित्र आहे. त्यामुळे ‘प्रॉम्प्टली’मध्ये वेगापेक्षा सज्जता अधिक आहे, आणि बहुधा तो कौतुकाचा शब्द असतो: देयक ‘प्रॉम्प्टली’ भरले, तक्रारीची दखल ‘प्रॉम्प्टली’ घेतली. हाच शब्द इंग्रज मंडळी चिमटा काढण्यासाठीही वापरतात. ‘ही सॅट डाउन टू स्टडी अँड प्रॉम्प्टली फेल अस्लीप’ या वाक्यातला अभ्यासाला बसलेला माणूस झोपण्यासाठी जणू सज्जच होता. येथे ‘इमिजिएटली’ घातले तर माहिती तीच राहते, पण हसू जाते. स्पॅनिशमधून आलेला ‘प्रोन्टो’ हा या ‘प्रॉम्प्ट’चाच भाऊ, पण तो दमदाटीचा, वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात तो घालू नये.

‘ॲट वन्स’बद्दल मराठी माणसाला फार शिकण्याची गरजच नाही, कारण आपल्याकडे ‘एकदम’ आहे. ‘एक दम’ म्हणजे फारसीत एक श्वास. ‘एकदम उठला’ यात ताबडतोबपणा आहे, ‘सगळे एकदम बोलू लागले’ यात एकाच वेळी असणे आहे, आणि ‘ॲट वन्स’मध्येही हे दोन्ही अर्थ जसेच्या तसे आहेत. ‘अनॉन’मध्येही ‘एक’च होता हे वर आलेच आहे. वेगळेपणा स्वरात आहे. ‘कम हिअर ॲट वन्स’ हे वाक्य वडीलधाऱ्याने मुलाला किंवा अधिकाऱ्याने हाताखालच्याला म्हणावे. बरोबरीच्या माणसाला म्हटले तर ते लागते. सौम्यपणे तेच सांगायचे असेल तर ब्रिटिश माणूस ‘स्ट्रेट अवे’ म्हणतो आणि अमेरिकी माणूस बहुधा ‘राइट अवे’. या दोन्हींत सरळ रेषेचे चित्र आहे. ‘तो तडक घरी गेला’ यातला ‘तडक’ असाच वाटेत कुठेही न वळणारा आहे.

येथे एक मोठी अडचण सांगितली पाहिजे, कारण मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत ती वारंवार दिसते. आपला ‘लवकर’ हा शब्द तीन कामे करतो. ‘लवकर चाल’ म्हणजे वेगाने चाल. ‘लवकर बरा हो’ म्हणजे थोड्याच दिवसांत बरा हो. ‘आज लवकर उठलो’ म्हणजे नेहमीच्या वेळेआधी उठलो. इंग्रजीत ही तीन कामे ‘क्विकली’, ‘सून’ आणि ‘अर्ली’ अशा तीन शब्दांत वाटलेली आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. ‘आय वोक अप क्विकली’ म्हणणारा पहाटे उठलेला नसतो, तो पांघरूण झटकन भिरकावून उठलेला असतो. ‘आय रीच्ड सून’ असे एकटे वाक्य तर ऐकणाऱ्याला अर्धवटच वाटते, कारण कशानंतर सून, हा प्रश्न उरतो. आधी पोहोचलो असे म्हणायचे असेल तर ‘अर्ली’ हाच शब्द हवा.

वेग आणि तात्काळता यांची ही सरमिसळ केवळ मराठीत आहे असे मात्र नाही. गुस्ताफ स्टर्न या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९२० आणि १९३० च्या दशकांत याचा बारकाईने अभ्यास केला. त्याला असे आढळले की १३०० च्या आधी ज्या इंग्रजी क्रियाविशेषणांचा अर्थ ‘वेगाने’ असा होता, त्यांना पुढे ‘लगेच’ हाही अर्थ चिकटला. १४०० नंतर ज्यांना ‘वेगाने’ हा अर्थ आला, त्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. कारण समजायला सोपे आहे. ‘तो वेगाने धावत होता’ या वाक्यात वेग हा धावण्याचा गुण आहे. ‘त्याने वेगाने पत्र लिहून टाकले’ या वाक्यात क्रिया संपलेली आहे, आणि वेगाने संपलेली क्रिया साहजिकच लवकर संपलेली असते. अशी दुसऱ्या प्रकारची वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली की शब्द वेगाकडून वेळेकडे सरकतो. तो उलट दिशेने, म्हणजे ‘लगेच’कडून ‘वेगाने’कडे, सरकल्याचे मात्र स्टर्नला दिसले नाही.

‘क्विक’ हा शब्द तर मुळात वेगाचाही नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे जिवंत, आणि त्याचे मूळ आपल्या ‘जीव’ या शब्दाच्याच मुळाशी जाते. ‘द क्विक अँड द डेड’ म्हणजे जिवंत आणि मृत, वेगवान आणि मृत नव्हे. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते तो जिवंत असल्यासारखा पळतो म्हणून. नखाखालचा दुखरा, जिवंत भाग आजही ‘द क्विक’ आहे आणि ‘कट टू द क्विक’ या वाक्प्रचाराला ‘जिव्हारी लागणे’ यापेक्षा चांगला प्रतिशब्द शोधूनही सापडणार नाही. ‘फास्ट’ची कथा याहून विचित्र आहे: त्याचा मूळ अर्थ घट्ट, न हलणारा. ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धर, ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. जोर लावून, चिकाटीने धावणे म्हणजे ‘रन फास्ट’, आणि तेथून न हलणारा शब्द वेगाचा झाला.

शब्द झिजू न देण्याचा एक उपाय म्हणजे त्याची व्याख्या लिहून ठेवणे. ज्या व्यवसायांत ‘आलोच’ म्हणून चालत नाही, तेथे असे केलेले दिसते. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी जी शब्दावली ठरवली आहे, तिच्यात ‘इमिजिएटली’ हा शब्द समोर येऊन ठेपलेला धोका टाळण्यासाठी कृती आवश्यक असेल तेव्हाच वापरायचा आहे. तशी परिस्थिती अजून उद्भवलेली नाही पण त्वरा केली नाही तर उद्भवेल, अशा वेळी ‘एक्स्पेडाइट’ म्हणायचे. या व्याख्यांमध्ये ‘इमिनंट’ हा शब्द येतो. तो लॅटिनमधील ‘डोक्यावर झुकलेला’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मराठीत ज्याला टांगती तलवार म्हणतात, तिचेच ते विशेषण. (‘एमिनंट’ म्हणजे नामवंत, तो वेगळा, दोहोंत गल्लत झाली की ‘इमिनंट डॉक्टर’ म्हणजे कोसळण्याच्या बेतात असलेला डॉक्टर होतो.) संकटाच्या रेडिओ संदेशांतही अशीच विभागणी आहे: ‘मेडे’ हा गंभीर आणि ‘इमिनंट’ धोका असताना, ‘इमिजिएट’ मदत हवी असताना, ‘पॅन-पॅन’ हा परिस्थिती ‘अर्जंट’ असताना, पण मदत त्याच क्षणी लागणार नसताना. म्हणजे ‘अर्जंट’ हा ‘इमिजिएट’च्या एक पायरी खाली आहे. आपण कचेरीतील प्रत्येक कागदावर ‘अर्जंट’ लिहून ही पायरी पुसून टाकली आहे.

पण व्याख्या करूनही शब्दाची चढाओढ थांबत नाही. अमेरिकी आणि नाटो सैन्यदलांच्या संदेशव्यवस्थेत निकडीच्या चार श्रेणी आहेत: ‘रुटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’ आणि ‘फ्लॅश’. ‘ज्याच्या मध्ये काहीच नाही’ अशा ‘इमिजिएट’च्याही आधी जाणारे काहीतरी लागलेच. संकेतस्थळांच्या मथळ्यांत आणि कामाच्या ईमेलांत तीच चढाओढ रोज दिसते. ‘एएसएपी’ हा ‘ॲज सून ॲज पॉसिबल’चा संक्षेप वास्तविक सौम्य आहे, कारण ‘शक्य तितक्या लवकर’ यात शक्यतेची सवलत दिलेली आहे. पण चार मोठ्या अक्षरांत तो हुकमासारखा वाचला जातो.

कायद्यात प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण तेथे एका क्रियाविशेषणावर खटला उभा राहू शकतो. वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ असे सांगते की परदेशी नागरिकाला अटक झाल्यास त्याला त्याच्या हक्कांची माहिती ‘विदाउट डिले’ दिली पाहिजे, आणि त्याने विनंती केल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासालाही ‘विदाउट डिले’ कळवले पाहिजे. ‘विदाउट डिले’ म्हणजे कधी? मेक्सिको विरुद्ध अमेरिका या ‘अव्हेना’ प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की त्याचा अर्थ ‘अटक होताक्षणी, इमिजिएटली’ असाच घेतला पाहिजे असे नाही. मात्र अटकेतील व्यक्ती परदेशी आहे, किंवा असावी, हे लक्षात येताच तिला माहिती देणे बंधनकारक ठरते. याच न्यायालयाने २०१९ मध्ये कुलभूषण जाधव प्रकरणात, अटकेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी भारताला कळवण्यात आले हा ‘विदाउट डिले’चा भंग असल्याचे म्हटले. ‘इमिजिएटली’ आणि तीन आठवडे यांच्यामध्ये कुठेतरी ‘विदाउट डिले’ संपतो, एवढे त्यावरून समजते. युरोपीय संघाने २०१८ पासून लागू केलेल्या विदासंरक्षण नियमावलीत ही संदिग्धता टाळण्याचा प्रयत्न आहे: वैयक्तिक माहिती फुटल्यास संस्थेने नियामकाला ‘विदाउट अन्ड्यू डिले’, आणि शक्य असेल तेथे ती गोष्ट कळल्यापासून ७२ तासांच्या आत, कळवावे. विशेषणांवर विसंबण्यापेक्षा आकडा लिहावा हा शहाणपणा मला अधिक पटतो. ‘फोर्थविथ’ हा शब्द अजूनही करारांत आणि आदेशांत दिसतो, पण त्याने ‘इमिजिएटली’पेक्षा अधिक काही सांगितले जाते असे नाही, नुसते भारदस्त वाटते.

आता काही खाचखळगे. भारतीय इंग्रजीत ‘प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते आणि त्याचा अर्थ ‘शक्य तितक्या लवकर उत्तर द्या’ असा घेतला जातो. ब्रिटन-अमेरिकेत ‘ॲट द अर्लिएस्ट’चा अर्थ ‘त्याच्या आधी नाही’ असा आहे. ‘द पार्सल विल कम ऑन मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे सोमवारच्या आधी तर नक्कीच नाही, कदाचित त्याहून उशिरा. म्हणजे घाई करण्यासाठी लिहिलेला शब्द परक्या वाचकाला अर्धवट आणि काहीसा उलटा वाटतो. तेथे ‘ॲज सून ॲज यू कॅन’ लिहावे, किंवा थेट तारीख द्यावी. ‘इन’ आणि ‘विदिन’ हीदेखील अशीच जोडी आहे: ‘इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांनी, ‘विदिन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांच्या आत.

‘मोमेंटरिली’ अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन गोष्टी सांगतो. ब्रिटनमध्ये ‘क्षणभर’, अमेरिकेत ‘क्षणात’. अमेरिकी विमानात ‘वी विल बी लँडिंग मोमेंटरिली’ अशी घोषणा झाली की ब्रिटिश प्रवासी गमतीने विचारतात, की क्षणभरच उतरणार असाल तर आम्ही बाहेर कसे पडायचे? मध्ययुगीन कालगणनेत तर ‘मोमेंट’ हे मोजमाप होते, तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे आजच्या हिशेबाने ९० सेकंद. उतरायला तेवढे पुरले नसतेच. ‘जस्ट नाऊ’ बहुतेक ठिकाणी ‘आत्ताच, नुकतेच’ या अर्थाने भूतकाळाबरोबर येतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र आफ्रिकान्स भाषेतील ‘नेटनाऊ’च्या प्रभावामुळे ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हणजे ‘करीन, जरा वेळाने’, आणि त्यापेक्षा लवकर करायचे असेल तर ‘नाऊ नाऊ’. ‘प्रेझेंटली’बद्दल माझा सल्ला तो वापरूच नये असा आहे. एका वाचकाला तो ‘सध्या’ वाटतो, दुसऱ्याला ‘थोड्या वेळाने’, आणि ‘करंटली’ व ‘शॉर्टली’ हे दोन निःसंदिग्ध शब्द हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. ‘सडनली’ला या यादीत घालण्याची चूकही होते. ‘सडनली’ म्हणजे अनपेक्षितपणे; वर्षभर वाट पाहिल्यावरही एखादी गोष्ट ‘सडनली’ घडू शकते.

शाळेत घोकून घेतलेली ‘नो सूनर... दॅन’ ही रचना मात्र या सगळ्याच्या उजेडात निराळी दिसते. ‘नो सूनर हॅड ही सॅट डाउन दॅन द फोन रँग’: तो बसला नाही तोच फोन वाजला. पुष्कळांची येथे ‘दॅन’ऐवजी ‘व्हेन’ लिहिण्याची चूक होते, कारण ‘हार्डली’ आणि ‘स्कर्सली’ यांच्याबरोबर ‘व्हेन’ येतो. पण ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे, आणि तुलनेनंतर इंग्रजीत ‘दॅन’च येतो; ‘बेटर दॅन’, ‘टॉलर दॅन’ तसेच ‘सूनर दॅन’. बसणे हे फोन वाजण्याच्या तसूभरही आधी झाले नाही, असे ते वाक्य अक्षरशः म्हणते. ‘ॲज सून ॲज’मध्येही तेच आहे: ‘ॲज सून ॲज शी अराइव्ह्ज, वी विल स्टार्ट’ म्हणजे ती येताक्षणी. एकटा ‘सून’ आज दोन आठवडे घेतो, पण या दोन ठरावीक चौकटींत अडकल्यामुळे त्याचा हजार वर्षांपूर्वीचा ‘ताबडतोब’ हा अर्थ तेथे अजून जसाच्या तसा आहे.